‘ये’ म्हटल्याशिवाय

“हे काय, ह्याला चमक म्हणतात?” विलास कामतांनी भोवरा उन्हात धरला आणि डोळे बारीक करून बघितलं. “लग्नाला मुंबईचे पाहुणे येणार. त्यांच्या हातात हे असलं मंद मंद देऊ?”

“मंद नाय ता, शेठ,” आंतोनकाका म्हणाला. “लाखेचो रंग असोच दिसता. भितरसून.”

“मला भितरसून नको, वरून हवा. आरशासारखा. तोंड दिसलं पाहिजे त्यात!” असं म्हणून ते गाडीकडे गेले आणि डिकीतून एक निळा कॅन काढून आमच्या पायरीवर ठेवला. “घ्या. पॉलिशचं स्पिरिट. लाखेचा चपडा आहे ह्या पिशवीत. नुसतं विरघळवा नि मारा. संध्याकाळी म्हापशाहून परत येताना थांबतो. एक नमुना तयार ठेवा. पसंत पडला तर भोवरे, लाकडी फळं, सगळी ऑर्डर तुमची.”

गाडी गेली. पायरीवर कॅन राहिला. आणि आमच्या ‘भिंगरी’तली तीन मोठी माणसं त्या कॅनकडे, पायरीवर नाग येऊन बसावा तशी बघत राहिली.

मी तेव्हा सातवीत होते आणि दिवाळीची सुट्टी होती. आता दहावीत आहे, शाळेच्या संमेलनात सूत्रसंचालन करते, आणि गावडेबाई माझ्या हातातून माइक काढून घेतात तेव्हाच थांबते. पण तेव्हाची शमिका मेस्त्री म्हणजे वर्गात हजेरीला “हजर” म्हणायचीसुद्धा चोरी. बाई दोनदा विचारायच्या. मागच्या बाकावरून कुणीतरी माझ्या बाबाची चाल करून दाखवायचं, भिंत धरत धरत, आणि सगळा वर्ग हसायचा. मग माझा आवाज घशातच कुठेतरी बसून राहायचा.

‘भिंगरी’ म्हणजे सावंतवाडीबाहेरचा एक चिऱ्याचा लांबट गाळा. कुंदाकाकीने तो सुरू केला होता. तिचा नवरा दारूने गेला, तेव्हा तिने घरातली लेथ विकली नाही. ज्यांना दारू सोडायची आहे, आणि ज्यांच्या घरात दारूने काही शिल्लक ठेवलं नाही, अशांना तिने त्या लेथवर बसवलं. शिवणीच्या लाकडाचे भोवरे, पांगाऱ्याची फळं, बाळांच्या भिंगऱ्या. लाकूड फिरत असताना त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबायची, घासून घासून लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग त्यावर केवड्याचं पान दाबून धरायचं की झळाळी येते. यात स्पिरिटचा थेंब लागत नाही. म्हणूनच काकीने ही पद्धत धरली होती. उंबऱ्याच्या आत स्पिरिट नको, हा तिचा नियम.

कारण पॉलिशचं स्पिरिट प्यायचं नसतं, त्यात विष घातलेलं असतं, आणि तरी पॉलिशवाले ते पितात. माझ्या बाबाचं तिथूनच सुरू झालं होतं. गोव्यात फर्निचरच्या कारखान्यात तो पॉलिश मारायचा. त्याच्या शेजारच्या पाटावर बसणारा माणूस त्यानेच मेला, आणि बाबा तरी थांबला नव्हता.

काकीचा दुसरा नियम वासंतीमावशीसाठी होता. वासंतीमावशी केवड्याचं पान धरायची. ती फार बोलायची नाही. तिचा नवरा मारायला नेहमी मागून यायचा, एवढंच मला ठाऊक होतं. ‘भिंगरी’त ती नवी होती तेव्हा कुणी न सांगता दारातून आत आलं की तिच्या हातातलं सगळं खाली पडायचं आणि ती टेबलाखाली जाऊन बसायची. तेव्हा काकीने ठरवलं, दाराबाहेर उभं राहून आपलं नाव मोठ्याने सांगायचं. आतून कुणीतरी “ये” म्हणायचं. “ये” म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. मग तो पोस्टमन असो की खुद्द काकी. आणि आतल्याने उत्तर द्यायचंच, हातात कितीही काम असलं तरी.

मला हा नियम म्हणजे शिक्षा वाटायची. मी रोज बाबाचा जेवणाचा डबा घेऊन यायचे आणि दाराबाहेर पुटपुटायचे.

“कोण ता?” आंतोनकाका आतून मुद्दाम ओरडायचा आणि मग बाबाला विचारायचा, “मांजर इला काय रे दिगू?”

“शमिका,” मी म्हणायचे.

“मोठ्यान बोल गो! गावाक कळांदे!”

तेवढ्यात वासंतीमावशीच माझी पावलं ओळखून “ये” म्हणायची. त्यामुळे मला कधी ओरडावं लागलंच नाही. आईने मला डबा घेऊन पाठवण्याचं खरं कारण वेगळं होतं. ती काजूच्या फॅक्टरीत जायची, दिवसभर तिला बाबा दिसायचा नाही. मी जवळ बसून त्याला वाढायचं आणि वास घ्यायचा, हे माझं काम. आईने ते कधी तोंडाने सांगितलं नाही. संध्याकाळी ती नुसती माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायचे, नाही म्हणून.

तर त्या दिवशी कुंदाकाकी डोळ्याच्या ऑपरेशनला बेळगावला गेली होती, आणि पायरीवर कॅन होता.

“परत न्हेवन दी त्येका,” आंतोनकाका म्हणाला.

“खंय न्हेवन दितलंस? गाडी गेली,” बाबा म्हणाला.

“मग वतून टाकूया. माडाक घालूया.”

“दुसऱ्याची वस्तू ती. शेठ संध्याकाळी विचारीत.” बाबा कॅनकडे न बघता बोलत होता. फार नीट, न बघता. “आणि ऑर्डर गेली तर काकीक काय सांगतलंस? पावसाळाभर माल पडान रवलोहा. मी मारतंय पॉलिश. भायर बसान मारतंय. माका येता ता काम.”

“तुका येता म्हणानच नको,” आंतोनकाका म्हणाला.

मग वासंतीमावशी उठली. कोपऱ्यातली कोंबड्यांची मोठी टोपली घेतली आणि बाहेर फणसाखाली नेऊन कॅनवर पालथी घातली. वर एक चिरा ठेवला. हात झटकत आत आली आणि म्हणाली, “केवडो संपलो.”

आंतोनकाका हसला. “बघ दिगू, खुडूक बसवल्यान तिणा. आता पिल्लां काढतली.”

बाबापण हसला. म्हणून मला वाटलं, झालं, मिटलं.

जेवणं झाल्यावर आंतोनकाका सायकल घेऊन सॉमिलला लाकूड बघायला गेला. मी आणि वासंतीमावशी ओहोळावर केवड्याची पानं आणायला गेलो. केवड्याच्या पानाला दोन्ही कडांना काटे असतात, मधेही असतात. मावशी कोयत्याने पान कापायची, काटे तासायची आणि पान पाण्यात टाकायची. मी ती धुऊन जुडी बांधायचे. मधेच मावशी तासायची थांबली. मग एकदम म्हणाली, “तू फुडे हो.”

“कित्याक?”

“हो म्हटलंय मा. मी पाना घेवन येतंय.”

तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण कोयता तिने खाली ठेवला होता. मी निघाले. आधी चालत, मग का कुणास ठाऊक, पळत.

फणसाखाली टोपली उताणी पडली होती. चिरा बाजूला. कॅन नव्हता.

गाळ्याचं दार बंद होतं. दुपारी ते कधीच बंद नसायचं. लेथचा आवाज नव्हता. मी दाराशी गेले आणि ढकललं. आतून कडी. आणि दाराखालच्या फटीतून वास आला. वास ओळखणं हे माझंच तर काम होतं. मी दाराची चौकट धरली, आणि चौकट धरल्यावर मला वर्गातली ती नक्कल आठवली, भिंत धरत चालणारी. मी हात काढून घेतला.

“शमिका,” मी म्हटलं. नेहमीसारखंच.

आतून काही नाही.

आईकडे पळत जावं असं वाटलं. फॅक्टरी लांब होती. मावशीला हाक मारावी, ओहोळ जवळ होता. पण मी गेले आणि तेवढ्यात त्याने... म्हणून मी गेले नाही. दाराच्या बरोबर समोर दोन्ही पाय रोवून उभी राहिले, कवायतीत उभं राहतात तशी, आणि पोटातून, म्हणजे अगदी बेंबीपासून ओरडले,

“मी शमिका दिगंबर मेस्त्री! भितर येतंय!”

फणसावरचे कावळे उडाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीतच नव्हतं. क्षणभर मीच दचकले.

आतून काही नाही.

“मी शमिका दिगंबर मेस्त्री! भितर येतंय!”

पलीकडच्या परबांच्या दुकानातून कुणीतरी डोकावलं. “काय गो झाला?” मी तिकडे बघितलंसुद्धा नाही. मला आत जायचं नव्हतंच खरं तर. दार तोडायचं नव्हतं, रडायचं नव्हतं, त्याला काही विचारायचंही नव्हतं. मला फक्त “ये” ऐकायचं होतं. नियम होता तो. सगळ्यांना होता. पोस्टमनलापण उत्तर मिळायचं, मग मला का नाही?

“बाबा, ‘ये’ म्हण! ‘ये’ म्हटल्याशिवाय मी हयसून हलाचंय नाय! मी शमिका दिगंबर मेस्त्री! भितर येतंय!”

किती वेळा ओरडले ते मोजलं नाही. घसा खरवडला, शेवटी शेवटी ‘मेस्त्री’ म्हणताना नुसती हवा यायला लागली. तरी ओरडत राहिले. परबांच्या दुकानापुढे चारपाच माणसं जमली होती, त्यातला एक माझ्याच वर्गातला होता. बघू दे, म्हटलं. माझं पूर्ण नाव पाठ होऊ दे त्याला.

मग आत काहीतरी झालं. खोकल्यासारखा आवाज, मटक्यावरची थाळी पडल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. पुन्हा खोकला. आणि मग एक घोगरा, चिरका शब्द आला.

“ये.”

कडी निघाली.

आत जमीन ओली होती. बाबाचा शर्ट पुढून भिजलेला, मिशी भिजलेली, डोळे लाल. कॅन भिंतीजवळ उभा, झाकण उघडं. वासाने माझं डोकं गरगरलं.

“सांडला,” बाबा म्हणाला. “वायच सांडला. झाकण निघाला.”

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

“मी वासंती, भितर येतंय,” मागून आवाज आला. मावशी जुडी घेऊन दारात उभी होती. धावत आली होती, धाप लागली होती, पण थांबली होती.

“ये,” बाबा म्हणाला. हा “ये” जरा बरा निघाला.

मावशीने जमीन बघितली, कॅन बघितला, बाबाची मिशी बघितली. आत आली, कॅनचं झाकण घट्ट बसवलं आणि कॅन उचलून बाहेर नेला. परत आली ती सरळ लेथपाशी. बाबाच्या समोर उभी राहिली. एवढ्या जवळ ती कुठल्याच पुरुषाच्या उभी राहिलेली मी बघितली नव्हती.

“दिगू, मशीन सुरू कर.”

“हात हलतत माझे.”

“हलांदेत. पान मी धरतंय.”

बाबाने एक कच्चा भोवरा लेथवर चढवला. लाखेची तांबडी कांडी धरली. हात खरंच हलत होते, कांडी लाकडावर टणटण उडत होती, रंगाचे पट्टे पडत होते. त्याने ते खरवडून काढलं आणि पुन्हा सुरू केलं. पुन्हा खरवडलं. मी दरवाजा सताड उघडा ठेवला, वास जावा म्हणून, आणि जमीन पुसत बसले. कधीतरी टणटण थांबली आणि लाख सलग बसायला लागली. मावशीने ओलं पान दुमडून फिरत्या भोवऱ्यावर दाबलं. पान गरम होऊन काळं पडायचं, ती टाकायची, दुसरं घ्यायची. अख्खी जुडी एका भोवऱ्यावर संपली. एरवी एका पानात चार भोवरे व्हायचे.

भोवरा उतरवला तेव्हा त्यात तोंड दिसत नव्हतं. पण समोरची खिडकी दिसत होती, तिचे गज मोजता आले असते इतकी.

उन्हं उतरल्यावर कामतांची गाडी आली. ते सरळ दारातून आत येऊ लागले. मी आडवी आले.

“नाव सांगा.”

“काय?”

“नाव सांगा, मोठ्याने. मग आत.” घसा बसलेला होता, त्यामुळे माझा आवाज एखाद्या म्हाताऱ्या हवालदारासारखा येत होता.

आंतोनकाका सॉमिलवरून आला होता. तो गालातल्या गालात हसत म्हणाला, “सांगा शेठ. हयसर तसाच असा.”

“विलास कामत,” ते वैतागून म्हणाले.

मावशी पानांचे तुकडे गोळा करत होती. ते तिने नीट सुपात भरले, सूप बाजूला ठेवलं, आणि मग म्हणाली, “ये.” शेठांना! “या”सुद्धा नाही.

कामतांनी भोवरा फिरवून फिरवून बघितला. “चांगला आहे. मघापेक्षा चांगला आहे. पण आरसा नाही हो हा.”

“नाय,” बाबा म्हणाला. “आरसो आमच्याकडे जावचो नाय.” त्याने बाहेर जाऊन कॅन आणला आणि त्यांच्या पायाशी ठेवला. तो ठेवताना त्याचा हात जराही हलला नाही, हे मी बघितलं.

“सील फोडलंत वाटतं?”

“फोडलंय. मी फोडलंय. पण आमका ह्या चलना नाय, शेठ. आज नाय, फुडे पण नाय. ऑर्डर दिवची तर अशीच दिया.”

कामतांनी फक्त भोवरे घेतले. फळं त्यांनी दुसरीकडे दिली. म्हणजे ऑर्डरचा मोठा भाग गेलाच. कुंदाकाकी डोळ्याला हिरवी पट्टी लावून परत आली, तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “फळं गेली तर गेली. ती टोपली कुणी हलवली ते सांगा.” बाबा म्हणाला, “मी.”

त्या संध्याकाळी घरी आईने बाबाच्या शर्टाचा वास घेतला आणि तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे वळली. मी नेहमीसारखी मान हलवली नाही. बसलेल्या घशाने म्हटलं, “सांडलं ते. मी दारातच होते.” आईने शर्ट दोनदा धुतला.

सुट्टी संपल्यावर शाळेत माझ्या वर्गातल्या त्या मुलाने मधल्या सुट्टीत माझी नक्कल केली. “मी शमिका दिगंबर मेस्त्री, भितर येतंय!” मी म्हटलं, “हे काय, असं नसतं ते,” आणि त्याला खरं करून दाखवलं. मुख्याध्यापक ऑफिसमधून बाहेर आले. त्यानंतर हजेरीला मला कुणी दोनदा विचारलं नाही.

एवढीच गोष्ट आहे, असं मला तीन वर्षं वाटत होतं.

या गणपतीनंतर ‘भिंगरी’त सुधाकर म्हणून एक नवा माणूस आला. ट्रक चालवायचा. दारूने लायसन गेलं, मग घर. मान खाली घालून बसायचा. पहिल्याच दिवशी चहाच्या वेळी त्याने विचारलं, “ह्या दारात वराडूचा कित्याक? माका नाय जमाचा. लाज वाटता.”

“वासंतीसाठी,” आंतोनकाका म्हणाला. “ती घाबरता म्हणान.”

“आता नाय घाबरत,” वासंतीमावशी म्हणाली.

“मग बंद करा,” सुधाकर म्हणाला.

बाबा चहा पीत होता. त्याने कप खाली ठेवला.

“तीन वर्षांपूर्वी एक कॅन इल्लो हयसर,” तो म्हणाला. “मी एकटोच होतंय. कडी घातली. झाकण काढला, आणि तोंडात घेतला. घोट न्हय, तोंड भरान.”

मी कोपऱ्यात भूगोलाचा नकाशा रंगवत होते. माझा हात थांबला.

“गिळूचा तेवढाच रवला होता. आणि भायरसून ह्या चेडू वराडला.” त्याने माझ्याकडे बोट दाखवलं, बघितलं मात्र सुधाकरकडे. “आता नियम असा. भितरल्यान उत्तर दिवकच व्हया. पण तोंड भरलेला असताना ‘ये’ म्हणूक येना नाय रे. करून बघ तू. एकतर गिळूक व्हया, नाय तर थुकूक व्हया. ता काय थांबाक तयार नाय. वराडताहा, वराडताहा.”

“मग?” सुधाकरने विचारलं.

“मग काय? थुकलंय. चूळ भरलंय. ‘ये’ म्हटलंय.”

वासंतीमावशीला काही नवीन वाटलेलं दिसत नव्हतं.

मी नकाशा बाजूला ठेवला. “पण बाबा, मी केवढ्यान वराडलंय! माझो आवाज बसलो! एवढो वेळ कित्याक लावलंस?”

तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं.

“तेवढो वेळ तोंडातच होता, चेडवा,” तो म्हणाला.

मी नकाशात अरबी समुद्र निळा करत बसले. बऱ्याच वेळाने बघितलं तर मी गुजरातपण निळा केला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी सकाळपासून तिथेच होते. लेथ सुरू व्हायची होती. दाराबाहेर कुणीतरी पाय वाजवले आणि काहीतरी पुटपुटलं.

आंतोनकाकाने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी वासंतीमावशी बोलली. हातातलं पान खाली न ठेवता, मागे वळूनही न बघता.

“ऐकाक येना नाय,” ती म्हणाली. “मोठ्यान.”

आम्ही सगळे थांबलो. बाबाचा हात लेथच्या बटणावर तसाच होता.

“मी सुधाकर,” बाहेरून आवाज आला. फाटका, पण मोठा. “सुधाकर बाबू गावकर! भितर येतंय!”

“ये!” आम्ही चौघंही एकदम ओरडलो.